ताईंचा करंडा

कोन, ता. भिवंडी
२० नोव्हेंबर २००७

प्रिय द्रौपदी,

फोनच करणार होते. पण आमचा फोन हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये दिवसभर कोणी ना कोणी पाय पसरून बसलेलं. म्हणून म्हटलं लिहावं. डी.एड.ला असताना सुट्टीत लिहायचो तसं.

रविवारी तुम्ही आलात, रूम बघितलीत, बरं वाटलं. वाल्मीकभावजींनी दोन्ही नळ सोडून पाहिले, मला हसूच आलं, एसटी डेपोतले मेकॅनिक ते, कुठेही गेले तरी नळ-नट बघणारच. आणि तुझा विकी गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, इकडे आवाजच नाही." ते माझ्या डोक्यातून जात नाही गं. लूमच्या शेडमागे राहून राहून त्या पोराला शांतता म्हणजे काय हेच माहीत नाही. तो कापसाचा बारीक बारीक भुगा, खिडकी लावली तरी आत येतो म्हणालीस, आणि रात्री त्याची छाती वाजते. डॉक्टरांनी घर बदला म्हणून सांगितलंय, तेही सांगितलंस. सगळं लक्षात आहे.

तर झालं असं, की ती रूम दिली गेली. माझ्या जाऊबाईंच्या, म्हणजे ताईंच्या, मावसभावाला. तो राहनाळला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे, त्याला केसरीनाथभाऊजींनी आधीच शब्द दिला होता. मला माहीतच नव्हतं. या घरात सगळं मला शेवटी कळतं, तुला तर ठाऊकच आहे. भाडेकरूंची अॅग्रीमेंटं लिहायला तेवढी मी, बाकी कारभार मोठ्या दिरांचा.

तू मनाला लावून घेऊ नकोस. ताईंचंही काही मनात आणू नकोस. घरी आलेल्या कुठल्याही सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय त्या उंबरा ओलांडू देत नाहीत, भाजीवालीलासुद्धा लावतात. तू हात जोडलेस, त्यांनी करंडा मिटला. त्यात काही नव्हतं.

कल्याण रोडला अजून दोन-तीन बिल्डिंगी उठतायत. मी चौकशी करते. विकीला वाफारा देत जा. ओवा टाकून.

तुझी,
निशा


कोन
९ डिसेंबर २००७

द्रौपदी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच वाक्य: "बाळाराम पाटील यांना काल तीच रूम दाखवली." खाली सहीसुद्धा नाही.

पोस्टकार्ड कशाला टाकलंस गं? पाकिटात घातलं असतंस तर माझ्याच हातात पडलं असतं. पोस्टमनने ते भाऊजींच्या हातात दिलं, त्यांनी हॉलमध्ये मोठ्याने वाचलं, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कणीक मळत होते, तशीच मळत राहिले.

मला राग आला, खरं सांगते. परीक्षा घेतलीस तू आमची. नवऱ्याच्या डेपोतला माणूस, शेलारचा, पाटील, त्याच्याकडून फोन करवलास. भाऊजी म्हणाले, रिकामी हाय रूम, ये बघायला. तो आला. आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, तर भाऊजी म्हणाले, "मंग आपलाच मानूस." शेलार माझं माहेर म्हणून त्याला चहाही मीच केला. माझ्या बाबांना ओळखतो म्हणाला. एवढं गोड बोलून गेला, आणि सगळं तुझ्यासाठी बघत होता.

असं रागाने दोन दिवस घरात भांडी आपटली. मग तिसऱ्या दिवशी मला एक गोष्ट आठवली, आणि राग कुठल्या कुठे गेला. त्या रूमचं कुलूप त्याला मीच उघडून दिलं होतं.

चावी माझ्याकडे असते. तो जिना चढत होता आणि मी पुढे. मी तुला लिहिलं होतं की रूम गेली. तरी मी चावी फिरवली, खिडकी उघडून दिली, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं. मावसभाऊ वगैरे कोणी नाही, द्रौपदी. ताईंना मावसभाऊच नाही. लिहिताना सुचला तो.

आता तू म्हणशील, मग खरं काय. खरं तुला माहीत आहे. तू काही दुधखुळी नाहीस. जाधव आडनावावरून कोणाला काही कळत नाही, वाल्मीक आणि द्रौपदी या नावांवरूनही नाही. तू हात जोडलेस तेव्हा कळलं. तुम्ही खाली उतरलात आणि ताई म्हणाल्या, "बौद्ध हाईत." भाऊजी म्हणाले, "बरा झाला." बस. एवढंच बोलणं झालं. पुढे जेवणं झाली.

आणि मी काय विचार करत होते सांगू? मी तुझ्यावरच चिडले होते. एकदा लावून घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं? बोटभर कुंकू. घरी जाऊन पुसलं असतंस. पोराच्या छातीपेक्षा ते मोठं आहे का? असं मी मनातल्या मनात तुला विचारत होते, ताटं वाढता वाढता.

आपल्या कॉलेजातलं संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं ना. तू तिळगूळ घेतलास आणि कुंकवाला हात जोडलेस. बाईंचं तोंड एवढंसं झालं. मी तुझ्या मागे उभी होते, म्हटलं मलाही नको. दोघी हसत बाहेर आलो. तेव्हा सोपं होतं. तेव्हा माझ्याकडे कुठल्या बिल्डिंगीची चावी नव्हती.

एक ऐक. तक्रारबिक्रार करू नकोस. भाऊजींचा हात वरपर्यंत पोचतो. तुझी महापालिकेच्या शाळेतली नोकरी, उगाच कोणी बदलीबिदली करेल. मी तुझ्या बाजूनेच आहे.

निशा


कोन
५ जानेवारी २००८

द्रौपदी,

तू उत्तर देणार नाहीस हे कळलंय. तरी लिहिते. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही, आणि घरात सांगण्यासारखं कोणी नाही. भावेश नवरा खरा, पण त्याला सांगायला गेले तर तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

तू तक्रार केलीस. चांगली टाईप करून, सगळ्या तारखा घालून. कधी रूम बघितलीस, मी काय लिहिलं, बाळाराम पाटलाला काय सांगितलं, सगळं. माझं पहिलं पत्रही जोडलंस. पोलीस ठाण्यात कोणीतरी म्हणाला म्हणे, की घर त्यांचं, कोणाला द्यायचं ती त्यांची मर्जी. तर तू तिथेच उभी राहून म्हणालीस, जातीवरून घर नाकारणं हा गुन्हा आहे, नागरी हक्क संरक्षण कायदा वाचा, आणि अर्जाची पोच द्या. शिक्का घेतल्याशिवाय हललीच नाहीस. वर साहेबांच्या ऑफिसातही एक प्रत देऊन आलीस. हे सगळं मला भाऊजींच्या ओरडण्यातून कळलं. ते तुला शिव्या घालत होते आणि मला, खोटं कशाला बोलू, तुझं कौतुक वाटत होतं. मग लगेच भीतीही वाटली.

परवा हवालदार आला. वयस्कर आहे, भाऊजींच्या ओळखीचा. ताईंनी पोहे केले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी.

भाऊजी त्याला म्हणाले, "आमी कोनाची जात इचारली न्हाय. इचारा त्या बाईला, कोनी इचारली का. ईटाल मानला असता त आमच्या घरान तिला कुंकू लावाला गेलो असतो का? सवाष्ण म्हनून मान दिला. तिनाच घेतला न्हाय."

ऐकलंस? करंड्याचंच प्रमाणपत्र केलं त्यांनी. हवालदाराची मान डोलायला लागली. आणि खरंच की, तू अर्जात तरी काय लिहिणार? जात विचारली असं तुला लिहिता येत नाही, कारण विचारलीच नाही. कुंकू लावायला आले हा काय गुन्हा आहे? कोणीही म्हणेल, बाई, उगाच मान देणाऱ्यांवर उलटलीस.

मग भाऊजींनी मला हाक मारली. सुनेची मैत्रीणच आहे ती, म्हणाले, सूनच सांगेल. हवालदाराने विचारलं, ठाण्यात येऊन जबाब द्याल का, की तुमच्या घरी कुंकू सगळ्यांनाच लावतात आणि जातीचा विषय निघाला नाही. मी मान हलवली. हो म्हणाले नाही, पण मान हलवली. त्याने ते हो धरलं, आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

एक सांगायचं राहिलंय. तू येणार होतीस त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तुला फोन केला होता, आठवतं? बाजारात भेटून तू रूमचं विचारलंस आणि माझ्या तोंडून ये म्हणून निघून गेलं, त्याला चार दिवस झाले होते. फोन लावला तो हे सांगायला, की उद्या ताई करंडा घेऊन येतील, एवढं एक कर, लावून घे, मी पाया पडते. किंवा येऊच नको. दोन्हीपैकी काहीतरी एक सांगायचं होतं. तू फोन उचललास, इतक्या आनंदात होतीस की विकीला घेऊन येते म्हणालीस. मी म्हटलं, हो, आण, आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं. आणि फोन ठेवला.

तुझ्या पोराला घेऊन तू जिना चढलीस ते मी गॅलरीतून बघत होते.

निशा


कोन
२७ जानेवारी २००८

सौ. द्रौपदी वाल्मीक जाधव यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आपण आमच्याविरुद्ध केलेला अर्ज गैरसमजातून झाला आहे असे आमचे मत आहे. आमच्या कुटुंबात कोणताही भेदभाव पाळला जात नाही. आपली अडचण लक्षात घेऊन दुसऱ्या मजल्यावरील रूम आपणास भाड्याने देण्यास आम्ही तयार आहोत. डिपॉझिट नको. मात्र त्याआधी आपण अर्ज मागे घेत असल्याचे ठाण्यात लिहून द्यावे. आपल्या मुलाच्या प्रकृतीचा विचार करून आपण योग्य तो निर्णय घ्याल ही अपेक्षा.

आपली,
सौ. निशा भावेश म्हात्रे

द्रौपदी, इथपर्यंत भाऊजींनी सांगितलं आणि मी लिहिलं. ते शेजारी खुर्ची टाकून बसले होते. काल ग्रामपंचायतीत झेंडा त्यांच्या हातून लावला, त्या भाषणातले शब्द अजून त्यांच्या तोंडात होते. आता ते बाहेर गेलेत, पाकीट बंद करून टाकून दे म्हणून. पाकीट उघडंच आहे, तर पुढचं माझं.

रूम घ्यायची का नाही, ते तू ठरव. विकीसाठी घेतलीस तर मी तुला नावं ठेवणार नाही, तो हक्क मला नाही. ज्या गॅलरीत उभं राहून तो बोलला ती तुला मिळतेय. पण ठरवण्याआधी तुला एक गोष्ट माहीत हवी. यांना वाटतंय तुझी तक्रार लंगडी आहे, कारण करंडा मुळात कशासाठी पुढे आला हे फक्त घरातल्यांना माहीत आहे. तुला नाही. तुला वाटत असेल, सहज आला आणि त्यातून कळलं. मीही तुला तसंच लिहिलं. भाजीवालीचं लिहिलं. ते खरं आहे, ताई पूर्वीपासून लावतात, प्रेमाने लावतात. पण रूम बघायला आलेल्या बाईला लावायचं, हे या गणपतीपासून सुरू झालं.

गणपतीच्या आधी एक जोडपं आलं होतं रूम बघायला. भाऊजींनी सरळ जात विचारली. तो माणूस वकिलाकडे कामाला होता, तो म्हणाला, असं विचारता येत नाही, आत जाल. शब्दाला शब्द वाढला. रात्री सगळे जेवायला बसले होते, भाऊजी फणफणत होते, की आता आडनावावरून कळत नाही आणि विचारायचीही चोरी. मी भात वाढत होते.

मी म्हटलं, विचारता कशाला? बाईपुढे करंडा न्या. ज्या बौद्ध आहेत त्या लावून घेणार नाहीत. तोंडातून शब्द काढायचं कामच नाही.

मीच म्हटलं, द्रौपदी. मला कोणी विचारलं नव्हतं. मला ते तुझ्यामुळे माहीत होतं. कॉलेजातल्या त्या संक्रांतीमुळे. तुझ्याकडून शिकलेली गोष्ट मी त्या रात्री भाताबरोबर वाढली.

सगळे हसले. भाऊजी म्हणाले, "याला म्हनतात शिकलेली सून." या घरात नऊ वर्षं झाली मला. डी.एड. करून चुलीशी बसले, नोकरी नको म्हणाले, बसले. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या शिक्षणाचं कोणीतरी नाव काढलं. मला इतकं बरं वाटलं की मी भाऊजींना आग्रह करून आणखी भात वाढला. शिकून शिकून हे केलं मी.

आणि तुझ्याआधी दोघी जणी आल्या होत्या. एकीच्या कडेवर पोर होतं. त्यांनीही हात जोडले, आणि दुसऱ्या दिवशी मीच त्यांना फोनवर सांगितलं की रूम गेली. त्या दोघींची नावं मला आठवत नाहीत. तू आलीस म्हणून मला हे सगळं टोचायला लागलं. तू नसतीस आली तर अजूनही करंडा फिरत असता आणि मी फोन करत असते, हे मला चांगलं ठाऊक आहे.

येत्या गुरुवारी माझा जबाब आहे. भावेश मोटारसायकलवरून सोडणार आहे. काय सांगायचं ते भाऊजींनी मला तीनदा पढवलंय, दोनदा म्हणवूनही घेतलंय. मी काय सांगेन ते मी तुला आत्ता लिहिणार नाही. लिहिलं आणि ऐन वेळी पढवलेलंच बोलले तर आणखी एक खोटं पत्र तुझ्याकडे जमा व्हायचं.

निशा


शेलार
१७ फेब्रुवारी २००८

द्रौपदी,

त्या दिवशी तू ठाण्यात येशील असं मला वाटलं नव्हतं. बाकावर बसली होतीस, पर्स मांडीवर, शाळेत पर्यवेक्षक आल्यावर बसतात तशी ताठ. तू माझ्याकडे बघितलंस. मी मान खाली घातली. भावेश बाहेर पानटपरीवर थांबला होता.

हवालदार चांगलं बोलला. त्याला घाई होती. म्हणाला, सांगा वहिनी. मी सांगायला लागले. पाठ केलेलं ओठांवर होतं, आमच्या घरी सगळ्या सवाष्णींना कुंकू लावतात. हे वाक्य मी म्हटलं. खरंच म्हटलं, आणि त्याने लिहिलंही. जीभ आपली चाललीच होती, त्या दिवशी कुलूप उघडताना हात चालला होता तशी.

मग मी थांबले. पाणी प्यायले. आणि म्हटलं, आता पुढचं लिहा, आमच्या घरच्यांनी जातीमुळे रूम दिली नाही. हवालदाराने चष्म्यावरून बघितलं. दारातून बाहेर भावेशकडे बघितलं. म्हणाला, वहिनी, घरी विचारलंय का? मी म्हटलं, लिहा.

त्याने लिहिलं. भराभर. मला म्हणाला, झालं, या आता.

मी उठलेही होते. तेव्हा तू पहिल्यांदा बोललीस. बाकावरूनच, माझ्याकडे न बघता.

"पूर्ण वाचून दाखवायला सांगा."

सांगा म्हणालीस. सांग नाही. डी.एड.पासून आजपर्यंत तू मला कधी तुम्ही म्हणाली नव्हतीस. तिथे सगळ्यांसमोर म्हणालीस आणि मला वाटलं, कोणीतरी दार लावून घेतलं.

पण मी सांगितलं. त्याने कुरकुरत वाचलं. त्याने लिहिलं होतं, घरमालकांनी अर्जदार बाईंची जात विचारून रूम देण्यास नकार दिला. सरळ, सोपं, नेहमीचं वाक्य. तुझ्या बाजूचंच दिसत होतं. आणि त्यात माझं नाव कुठेच नव्हतं. मी तशीच निघून आले असते तर काम झालं असं मला वाटलं असतं. पण कोर्टात यांच्या वकिलाने एका मिनिटात ते पाडलं असतं, कारण जात कोणी विचारली नाही हे तूसुद्धा शपथेवर सांगशील.

मी परत बसले. म्हटलं, हे खोडा. जात कोणी विचारली नाही. जात कळावी म्हणून करंडा पुढे केला. बौद्ध बाई कुंकू लावून घेत नाही, म्हणून. तो करंडा पुढे करायची युक्ती माझी. जेवताना मी सुचवली. यांच्याआधी दोन बायकांना अशीच रूम नाकारली आणि त्यांना खोटं सांगणारे फोन मी केले.

हवालदाराने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "बाई, यात तुम्हीच अडकताय."

मी म्हटलं, "झालं तसंच आहे ते."

त्याने नवा कागद घेतला. पहिल्यापासून लिहायला लागलं त्याला. लिहून झाल्यावर मी पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. या वेळी तू उठून बाहेर गेलीस, मधेच, दोन बायकांचं आलं तेव्हा. ते तुला माझ्या पत्रातून माहीत होतं, तरी गेलीस. मला वाटतं हवालदाराच्या तोंडून ऐकवेना.

भावेशला रस्त्यातच मी सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेतली, कोनच्या नाक्याआधी. मग म्हणाला, माझ्या भावाला तू कोर्टात उभं केलंस. मी म्हटलं, मीही उभी राहीन, बाजूलाच. त्याने गाडीला किक मारली.

मला कोणी हाकललं नाही, तसं समजू नकोस. भाऊजी एवढंच म्हणाले, थोडे दिवस माहेरी जाऊन ये. रुचिकाची शाळा आहे म्हणून तिला ठेवून घेतलं. आठ वर्षांची आहे, तिला आई लग्नाला गेली असं सांगितलंय. मी पिशवी भरली. उंबऱ्याशी आले. सवयीने थांबले, द्रौपदी. नऊ वर्षांत त्या घरातून मी कधी तशी बाहेर पडले नाही. दळण आणायला जायचं असलं तरी ताई आतून ओरडतात, थांब गो, आणि करंडा घेऊन येतात. मी थांबले. आत ताई होत्या, बांगड्यांचा आवाज येत होता. त्या आल्या नाहीत. मग मी चप्पल घातली.

शेलारला आईने विचारलं, कपाळ कोरडं कसं? मी म्हटलं, घाईत निघाले.

बाबा मलाच बोल लावतात. बाळाराम पाटील मात्र परवा घरी येऊन गेला. बाबांना म्हणाला, सावळारामकाका, पोरीला बोलू नका. त्याच्याकडूनच कळलं की तू आमची रूम घेतली नाहीस, अर्जही मागे घेतला नाहीस. कल्याणला खाडीच्या बाजूला जागा मिळाली तुम्हाला. शाळेला यायला तुला दोन गाड्या बदलाव्या लागतात, पण विकी रात्री झोपतो. हे ऐकून मी मोरीत जाऊन रडले. तिथल्या मालकिणीने तुला काय विचारलं, कसं विचारलं, हे मला जाणून घ्यायचंय, पण विचारायला तोंड नाही.

माफी मागणार नाही. पहिल्या पत्रात मागितली असती तर काही अर्थ होता. आता मागितली तर ती माझ्याच सोयीची.

फक्त कामाचं लिहिते. हवालदाराने विचारलं, कोर्टाचं बोलावणं कुठल्या पत्त्यावर पाठवू. मी कोनचा सांगायला गेले आणि थांबले. तिथे आलं तर ते माझ्यापर्यंत पोचायचं नाही, पोस्टकार्डाचं काय झालं ते बघितलंय. शेलारचा दिला. तुझ्या वकिलांनाही हाच दे: मुक्काम शेलार, सावळाराम पाटलांचं घर, मारुतीच्या देवळामागे.

इथे रोज कोणी ना कोणी बाबांना सांगायला येतं, की पोरीला समजवा, जबाब बदलायला अजून वेळ आहे, घर मोडेल. भावेशचाही फोन आला. रुचिका विचारते म्हणाला, लग्न किती दिवस चालतं. मग म्हणाला, एवढं एक वाक्य बदल आणि ये परत. मी रडले, पण नाही म्हटलं.

तारीख पडली की कळव. पोस्टकार्ड टाकलंस तरी चालेल. मी येईन, आणि हेच सांगेन.

निशा